सहावं घर

दाभोळच्या फेरीबोटीत गाडी मेली.
मेली म्हणजे, चावी फिरवली, टक् झालं,
आणि मग नुसतंच टक्.
पुढचा टेम्पो धोपाव्याचा धक्का चढून गेला,
मागचे हॉर्न सुरू झाले.
दोन खलाशी आणि एक बर्फवाला,
तिघांनी माझी नव्व्याण्णव सालची एटहंड्रेड
ढकलत वर काढली.
"सिस्टरबाई, ब्रेकवरचा पाय काढा,"
एक जण म्हणाला.
खरंच होता पाय ब्रेकवर.

निघाले होते गुहागरला, बँकेत,
हयातीचा दाखला द्यायला.
दर नोव्हेंबरला जाऊन सांगावं लागतं, मी आहे.

सेकंड गिअरवर धक्का मारून उठवली
ती शृंगारतळीपर्यंत बंद केली नाही.

मुबीन परकारच्या दुकानात ॲसिडचा वास,
त्यात शेजारच्या बेकरीतली नानकटाई.
त्याने बॉनेट वर केलं.
टर्मिनलवर हिरवट भुकटी चढलेली,
क्लॅम्पचा नट गंजून नट उरला नव्हता.
"दर्याजवळ उभी करता वाटतं?"
दुसरीकडे कुठे करू, बाबा?
कोळथऱ्यात माझ्या अंगणातच वाळू येते.

काचेच्या नळीने त्याने एकेका घरातलं पाणी ओढून पाहिलं.
तरंगता पाच घरांत तरला,
सहाव्यात बुडाला
आणि बुडलेलाच राहिला.
"एक घर गेलं की बाकीच्या पाचांनी काय करायचं?"
मला आमची आळी आठवली.
तो शिशाबद्दल बोलत होता.

मग फळीवरून तीन उतरवल्या.
एक इथेच भरलेली, स्वस्त, सहा महिन्यांची बोली.
एक कंपनीची, पस्तीस ॲम्पिअर, छत्तीस महिने.
एक मोठी, पाणी न मागणारी, पाच वर्षं.
"हिला ट्रे कापावा लागेल," तो म्हणाला,
"आणि पोल उलट्या बाजूला आहेत, वायर ताणून बसेल.
बसेल पण."
मी म्हटलं, ताणून बसवलेलं काही नको.

"गाडीचं पासिंग कधीपर्यंत?"
दोन वर्षं.
"पुढे ठेवणार?"

पस्तीस वर्षं लोकांनी मला हेच विचारलं,
पडवीत उभं राहून, हळू आवाजात,
सिस्टर, किती दिवस?
मी आकडा कधी दिला नाही.
पाणी पाजा म्हणायचे, कूस बदला म्हणायचे,
आणि पायवाटेने खाली यायचे.
मुबीनलाही दिला नाही.
म्हटलं, पस्तीसवालीची तारीख दाखव.

तो हसला. तारीख कोण बघतं?
मी बघते.
लशीच्या कुपीवरचे बारीक आकडे वाचून वाचून
डोळे गेले, सवय नाही गेली.
चष्मा कपाळावर चढवून खोक्यावरचा छापा शोधला:
मार्च. आठ महिने फळीवर,
विकायच्या आधीच म्हातारी.
दुसरी काढ.
तो मागे गेला, बराच वेळ खोकी सरकवत राहिला,
ऑक्टोबरची घेऊन आला.

छत्तीस महिने, म्हणजे पासिंगपेक्षा वर्षभर जास्त.
ते वर्ष कशासाठी, त्याने विचारलं नाही.
कार्डावर माझं नाव लिहिलं, गाडीचा नंबर, तारीख.
पोलांना व्हॅसलीन चोपडलं, भरपूर, बाळाला तेल लावावं तसं.
जुनीचे सातशे वजा केले.
ती उचलताना कण्हला,
"मेली तरी वजन तेवढंच, बघा."

बँक उघडी मिळाली.
साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही,
शिक्का मारला.

परतीला चार-पाच गाड्या, ऊन उतरलेलं.
खलाशी तोच सकाळचा.
"इंजिन बंद करा, सिस्टरबाई."
केलं.
खाडीच्या मधोमध रेडिओ लावून पाहिला,
सगळी स्टेशनं विसरला होता, नुसती खरखर.
तीच ऐकत बसले.
दाभोळचा धक्का आला, साखळी खळखळली,
फळी खाली टेकली.
चावीवर हात होता.
मागच्याने हॉर्न दिला.